मराठी बोलता येतं, मग भाषाविज्ञान कुठून सुरू करू?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही मराठी माध्यमात शिकून पुढे अभियांत्रिकीकडे गेलात. भाषा डोक्यात नेमकी चालते कशी याचं कुतूहल आहे. एक प्रास्ताविक पुस्तक उघडलं, तर स्वनिम, रूपिम, अन्वय अशा व्याख्यांतच अडकलात. उदाहरणं सगळी इंग्रजीतली, ती कानाला पटेनात. त्यात शाळेत व्याकरण कच्चं होतं, म्हणून हा विषय आपला नव्हेच की काय अशी शंका आली.

अडचण व्याकरण कच्चं असण्याची नाही. शाळेत व्याकरण या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र शिकवतात. लिहिण्याचे नियम ही एक, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार. बोलण्यातल्या रचनांना दिलेली नावं ही दुसरी, म्हणजे सामान्यरूप, कर्मणी प्रयोग वगैरे. या दोन्हींत तुमचे मार्क गेले असतील, पण ‘त्या माणूसला सांग’ असं तुम्ही कधी म्हणाला नसाल. ‘माणसाला’ म्हणताना ‘णू’मधला ऊ नाहीसा होतो. तो घालवायला तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही, तरी तो दर वेळी जातो. नकळत पाळले जाणारे असे नियम शोधायचे, नेमक्या शब्दांत मांडायचे आणि मग ते मोडतात का ते पाहायचं, हे भाषाविज्ञानाचं काम. संज्ञा या कामाच्या ओघात आपोआप लागतात. आधी संज्ञा आणि मग काम असा क्रम लावला की तुमचं झालं तसंच होतं.

पुढे काय करावं हे थोडं तुमच्या हेतूवर अवलंबून आहे. नेट ही परीक्षा (महाविद्यालयात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा) द्यायची असेल तर व्याख्या पाठ कराव्याच लागतील, त्यातून सुटका नाही. मराठीसाठी संगणकाचं काम करायचं असेल, म्हणजे लिखित मजकूर वाचून दाखवणं किंवा शब्दांचं पृथक्करण, तर खालचे ध्वनी आणि शब्दरूपांचे भाग तुम्हाला रोज लागतील. नुसतं कुतूहल असेल तर कुठूनही शिरा. दुसरी गोष्ट तुमच्या मराठीची. मी देतो ती उदाहरणं साधारण प्रमाण बोलीतली आहेत. तुमच्या घरी वेगळं बोलत असतील तर तुमचं उत्तर वेगळं येईल, आणि ते तितकंच बरोबर असेल.

सुरुवात तोंडापासून करा. ‘चमचा’ हा शब्द सावकाश, मोठ्याने म्हणा. त्यात च दोनदा आहे, पण दोन्ही वेळा जीभ एकाच जागी जात नाही. पहिल्या च ला जिभेचा पसरट भाग टाळूला लागतो, दुसऱ्याला जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे लागतं. पहिला तालव्य, दुसरा दंत्य. लिहिताना अक्षर एकच असल्यामुळे बहुतेकांच्या हे लक्षातच आलेलं नसतं. या उत्तरापुरता मी दंत्य च खाली नुक्ता देतो: चमच़ा.

आता ‘चमचे’ म्हणा. दुसरा च तालव्य झाला. अशी आणखी रूपं गोळा करा: आमच़ा, पण आमची, आमचे, आमच्या. पुन्हा आमच़ं. माझा-माझी मध्येही तेच होतं. दहाबारा जोड्या कागदावर आल्या की चित्र दिसायला लागतं. पुढे इ, ई, ए किंवा य आला की तालव्य, अ, आ, उ, ओ आला की दंत्य. कारणही जिभेतच आहे. इ आणि ए म्हणताना जीभ टाळूकडे उचललेली असते, आधीचा च तिच्याकडे ओढला जातो.

इथे नवशिक्याला वाटतं की काम झालं: ध्वनी एकच, शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतो. खरं काम इथून पुढे सुरू होतं, कारण आता स्वतःचाच नियम मोडून पाहायचा असतो. चहा, चंद्र, चार. या तिन्हींत च च्या पुढे अ किंवा आ आहे, तरी तो तालव्य आहे. मग अशी जोडी शोधायची की जिच्यात बाकी सगळं सारखं आणि फरक फक्त या दोन च चा. मिळते: चार हा आकडा, आणि ‘गुरांना च़ार’ मधला च़ार. ज ची जोडी हवी असेल तर ‘ज़रा थांब’ मधला ज़रा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा. ध्वनी बदलला की अर्थ बदलतो, म्हणजे हे एकाच ध्वनीचे दोन अवतार नव्हेत, मराठीत हे दोन वेगळे ध्वनी आहेत. अशा ध्वनीला स्वनिम म्हणतात आणि अशा जोडीला लघुतम युग्म. व्याख्या पाठ करून हे जितकं कळत नाही तितकं या एका जोडीत कळतं.

तर नियम नीट मांडायचा तो असा: मराठीत दंत्य आणि तालव्य च हे दोन स्वनिम आहेत, पण नामं आणि विशेषणं चालवताना इ, ई, ए, य यांच्या आधी त्यांतला फरक पुसला जातो आणि तालव्य उरतो. ‘नामं आणि विशेषणं’ असं मी मुद्दाम म्हटलं. समजेल, सुचेल, नाचेल ही क्रियापदांची रूपं स्वतः म्हणून पाहा, मग घरच्यांकडून म्हणवून घ्या, आणि नियमाला कुठे कुंपण घालायचं ते तुम्ही ठरवा. तालव्य च असलेले पुष्कळ शब्द संस्कृतातून किंवा बाहेरून आलेले दिसतात (चंद्र, चरित्र, चॉकलेट), पण चार हा आकडा घरचाच आहे. त्यामुळे ‘परके शब्द तालव्य’ एवढ्यावर भागत नाही.

इंग्रजी उदाहरणं तुम्हाला का पटली नाहीत तेही आता सांगता येईल. बहुतेक पुस्तकं ‘पिन’ आणि ‘स्पिन’ या जोडीने सुरू होतात. इंग्रजी बोलणारा पहिल्या शब्दात हवेचा झोत सोडतो, दुसऱ्यात नाही, आणि त्याला स्वतःला ते ऐकू येत नाही, कारण त्याच्या भाषेत त्या झोताने अर्थ बदलत नाही. मराठीत बदलतो: पळ आणि फळ. ओठांपुढे कागदाची पातळ पट्टी धरा. ‘पळ’ म्हणताना ती जेमतेम हलते, ‘फळ’ म्हणताना उडते. (तुम्ही फ दात ओठावर ठेवून म्हणत असाल तर पट्टी तितकी उडणार नाही. तसं बोलणारे पुष्कळ आहेत. मग पळ-फळऐवजी ताट-थाट किंवा काल-खाल घेऊन बघा.) त्या पुस्तकातला धक्का इंग्रजी वाचकासाठी आहे. मराठी वाचकाला तोच धक्का च मधून बसतो.

याच कसोटीने ऱ्हस्व-दीर्घाचं कोडं सुटतं. काल-काळ, वेल-वेळ, गाल-गाळ या जोड्या डोळे मिटून सुद्धा वेगळ्या करता येतात. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब हे मात्र वाक्याबाहेर ऐकवले तर बहुतेकांना ओळखता येत नाहीत. आजच्या बोली मराठीत इ-ई आणि उ-ऊ यांच्या लांबीने अर्थ बदलत नाही, ती लांबी शब्दातल्या जागेवर ठरते. मूल मध्ये दीर्घ, मुलाला मध्ये ऱ्हस्व. फूल-फुलाला, वकील-वकिलाला तसंच. म्हणून मुलं शुद्धलेखनात नेमकी तिथेच चुकतात आणि काल-काळ मध्ये जवळजवळ चुकत नाहीत. चूक कुठे होते याचा नकाशा काढला की भाषेची घडण दिसते. शिक्षकांनी हे जरा मनावर घेतलं तर बरं.

वऱ्हाडात अनेकांच्या बोलण्यात काळा चा ‘काया’ होतो, शाळा ची ‘शाया’. कोकण किनाऱ्यावरच्या काही बोलींत ळ च्या जागी ल येतो. हे ऐकून हसण्याआधी पाहा की तो बदल नियमाने होतो का, म्हणजे प्रत्येक ळ चा होतो, की शब्दागणिक वेगळं काही घडतं. आळसाने किंवा अज्ञानाने बोलणारा माणूस मधूनमधून चुकेल. बोली मधूनमधून चुकत नाही, ती दर वेळी तेच करते.

ध्वनींचा आणखी एक खेळ दाखवून पुढे जातो. ‘सरक’ या धातूची रूपं पाहा. सरकतो हे आपण ‘सरक्‌तो’ असं म्हणतो, म्हणजे र मधला अ राहतो आणि क मधला जातो. ‘सरका’ म्हणताना उलट, ‘सर्‌का’: र मधलाच अ गेला. लिहिण्यात ‘सरक’ तेच, उच्चारात गळणारी जागा वेगळी. बदल-बदली-बदलतो, कमळ-कमळात हेही घ्या. पहिला नियम सोपा: शब्दाच्या शेवटचा अ गळतो, घर चं ‘घर्’ होतं (मित्र, अन्न अशा जोडाक्षरांनंतर मात्र काहीसा टिकतो). दुसरा नियम मधल्या अ चा: त्याच्या आधी ‘स्वर आणि एक व्यंजन’ आणि नंतर ‘एक व्यंजन आणि स्वर’ असेल तर तो गळतो. आता सर-क-तो शब्दाच्या उजवीकडून डावीकडे तपासत या. क मधला अ दोन्ही अटी पुऱ्या करतो, गळतो. तो गळाल्यावर र च्या अ नंतर दोन व्यंजनं लागोपाठ आली, अट मोडली, म्हणून र चा अ वाचला. डावीकडून सुरुवात केलीत तर ‘सर्‌कतो’ असा कुणीच न करणारा उच्चार हाती येतो. मराठी वाचून दाखवणाऱ्या यंत्राचा उच्चार कृत्रिम वाटतो तेव्हा बऱ्याचदा हाच नियम नीट बसवलेला नसतो. जोडशब्दांत तो आणखी फसतो, कारण तिथे दोन शब्दांची हद्द आधी ओळखावी लागते.

आतापर्यंत एकच पद्धत वापरली: रूपं गोळा करा, एका वेळी एकच गोष्ट बदला, नियम मांडा, त्याच्याविरुद्ध जाणारं उदाहरण शोधा. शब्दांच्या आणि वाक्यांच्या पातळीवर हत्यार तेच आहे.

शब्दांकडे येऊ. मराठी नामाला प्रत्यय लागण्याआधी ते वेगळं रूप घेतं, ते सामान्यरूप. घर-घराला, घोडा-घोड्याला, मासा-माशाला, भाऊ-भावाला. सगळ्यांत रंजक गट माणूस चा: कापूस-कापसाचा, लाकूड-लाकडाचा, उंदीर-उंदराला, देऊळ-देवळात, तांदूळ-तांदळाचा, बेडूक-बेडकाला. शेवटच्या अक्षराच्या आधीच्या अक्षरातला ई किंवा ऊ जातो. विहीर ची मात्र विहिरीत होते, ‘विहरीत’ नाही. ती स्त्रीलिंगी आहे. बंदूक-बंदुकीने तसंच. म्हणून नियमात लिंग आणा: पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांत ई-ऊ जातो.

मग वकील चं वकिलाला कसं झालं? मजूर-मजुराला, पोलीस-पोलिसांना, शरीर-शरीराला. सगळी पुल्लिंगी किंवा नपुंसकलिंगी, आणि स्वर शाबूत. यादीकडे पाहून सुचतं की वकील, मजूर अरबी-फारसीतून आले, पोलीस इंग्रजीतून, शरीर संस्कृतातून जसंच्या तसं. म्हणजे बाहेरून आलेले शब्द स्वर टिकवतात. सुंदर नियम. मग चाबूक आठवतो. तोही फारसीच, पण आपण ‘चाबकाने’ म्हणतो. म्हणजे शब्दाचं मूळ गाव हे खरं कारण नव्हे. बोलणाऱ्याला व्युत्पत्ती ठाऊक नसते, डोक्यात शब्दाबरोबर त्याचा दाखला साठवलेला नसतो. साठवलेलं असतं ते एवढंच की हा शब्द ‘माणूस’सारखा चालतो की ‘वकील’सारखा. जुने, घरात मुरलेले शब्द बहुधा पहिल्या गटात पडले, नंतर आलेले बहुधा दुसऱ्या, आणि चाबूक मुरला. या ‘बहुधा’ची नवशिक्यांना लाज वाटते, वाटू नये. सरसकट लागू होणारा नियम आणि शब्दागणिक लक्षात ठेवावी लागणारी वर्गवारी या दोन्ही गोष्टी भाषेत असतात. कुठली कुठे आहे ते दाखवणं हाच निष्कर्ष.

नियम डोक्यात जिवंत आहे की नुसती पाठ केलेली रूपं आहेत हे तपासायला एक जुनी युक्ती आहे. 1958 साली जीन बर्को या संशोधिकेने लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याला ‘वग’ हे खोटं नाव दिलं आणि दोन प्राणी असतील तर काय म्हणाल असं विचारलं. मुलांनी पूर्वी कधीच न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बरोबर केलं. मराठीत हे घरी करता येतं. एक वेडंवाकडं चित्र काढा, म्हणा ‘हा टोबा’. मग दोन काढा आणि ‘हे दोन…’ म्हणून थांबा. टोबे येईल. ‘याच्यावर बस, म्हणजे…’ म्हटलं की टोब्यावर येईल. आता ‘लापूस’ द्या. लापसाला येतं की लापुसाला? इथे माणसं विभागली जाण्याची शक्यता आहे, आणि विभागणी कशी होते तोच तुमचा शोध. वय आणि शाळेचं माध्यम शेजारी लिहून ठेवा.

इंग्रजी शब्द हीसुद्धा अशीच फुकटची प्रयोगशाळा आहे. टेबल नपुंसकलिंगी झालं, ट्रक पुल्लिंगी, बस आणि बँक स्त्रीलिंगी. ‘टेबलावर’ आणि ‘बँकेत’ अशी सामान्यरूपं त्यांनी घेतली, पण ‘बसमध्ये’ आणि ‘मोबाईलमध्ये’ जसेच्या तसे राहिले. गावांच्या नावांत तर एकाच नावाचं वागणं प्रत्ययाप्रमाणे बदलतं: नागपूरला, पण नागपुरात. पुणे मात्र पुण्याला आणि पुण्यात. माणसांच्या नावांत रमेशला म्हणतात, ‘रमेशाला’ म्हटलं तर जुनं वाटतं. यातल्या कुठल्याही एका टोकावर एखादा सुरेख लहान अभ्यास उभा राहील.

वाक्याकडे वळू. शाळेतला ‘प्रयोग’ हा धडा बहुतेकांना रटाळ आठवतो, पण मराठी वाक्याची किल्ली त्यातच आहे. ही वाक्यं पाहा. मुलगा पोळी खातो. मुलाने पोळी खाल्ली. मुलाने आंबा खाल्ला. मुलाने मांजरीला पकडलं. मला भूक लागली. मला आंबा आवडतो. प्रत्येक वेळी विचारा: क्रियापद कुणाशी जुळलंय? उत्तर एका ओळीत बसतं. ज्या नामाला प्रत्यय नाही त्याच्याशी क्रियापद जुळतं. अशी दोन नामं असतील तर कर्त्याशी. एकही नसेल तर क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी होतं. कर्तरी, कर्मणी, भावे ही तीन नावं म्हणजे याच एका नियमाचे तीन निकाल.

नियम मोडून पाहू. ‘मी पोळी खाल्ली.’ मी ला काही प्रत्यय दिसत नाही, तरी क्रियापद पोळीशी जुळलं. बोलणारा पुरुष असला तरी खाल्लीच. हिंदीत इथे ‘मैंने’ येतं, ने उघड दिसतो. मराठीत मी, तू, आम्ही, तुम्ही यांना तो लागत नाही. ‘तिथे ने लपलेला आहे’ असं म्हणून सुटता येईल, पण न दिसणाऱ्या गोष्टीचा पुरावा द्यावा लागतो, नाहीतर ती पळवाट. पुरावा असा: आम्ही सगळे पोळी खातो. आम्ही सगळ्यांनी पोळी खाल्ली. ‘सगळे’ हा शब्द ‘आम्ही’ला चिकटून चालतो, आणि भूतकाळात त्याला नी लागला. आम्ही वर न दिसणारा प्रत्यय शेजाऱ्याच्या अंगावर उघडा पडला. असा पुरावा हाती आला की या विषयाची गोडी लागते, निदान लागायला हवी.

त्याच पुराव्याने अपवादही तपासता येतात. शिकणे, विसरणे, बोलणे या क्रियापदांना कर्म असतं, तरी आपण ‘तो गणित शिकला’, ‘ती धडा विसरली’ असं म्हणतो. ‘आम्ही सगळे गणित शिकलो’, सगळ्यांनी नाही. म्हणजे इथे लपलेला ने सुद्धा नाही, अपवाद खरा आहे. अशी क्रियापदं थोडी आहेत आणि ती शब्दागणिक लक्षात राहतात. हिंदीत ‘उसने गणित सीखा’ असं असल्यामुळे हिंदीभाषक मराठी शिकताना इथे अडखळतो. ‘पाणी पिणे’ मध्ये मराठीभाषकांतही एकमत नाही: पाणी प्यायलो म्हणणारे आहेत, प्यायलं म्हणणारेही आहेत. जाताजाता ‘तू पोळ्या खाल्ल्यास’ हे रूप उलगडून पाहा. ल्या हा भाग पोळ्यांशी जुळतो आणि स तू शी. एकच क्रियापद दोन मालकांची चाकरी करतंय.

वाक्य म्हणजे ओळीने ठेवलेले शब्द नव्हेत, त्यांचे आत गट असतात, हे पटवायला मी एकच उदाहरण वापरतो. ‘जुन्या पुस्तकांचं दुकान’ आणि ‘जुनं पुस्तकांचं दुकान’. पहिल्यात पुस्तकं जुनी, दुसऱ्यात दुकान. विशेषणाचं रूप सांगतं की ते कुठल्या गटात आहे. आता न बदलणारं विशेषण घाला: ‘स्वस्त पुस्तकांचं दुकान’. दोन अर्थ निघतात. शब्द तेच, क्रम तोच, गट पाडायची पद्धत वेगळी, म्हणून अर्थ वेगळा. ‘मी त्याला पळताना पाहिलं’ मध्येही पळणारा कोण ते गटावर ठरतं. पुस्तकातल्या त्या झाडासारख्या आकृत्या हे गटच दाखवतात. आधी कंसांनी गट पाडायचा सराव करा, आकृती नंतर आपोआप जमते.

अर्थाबद्दल थोडक्यात. काही अर्थ शब्दातच असतो: ‘आम्ही जेवायला जातोय’ म्हटलं की ऐकणारा उपाशी, ‘आपण’ म्हटलं की तोही निघाला. गुजरातीत हा भेद आहे, हिंदीत ‘हम’ दोन्हींचं काम करतं. काही अर्थ परिस्थितीतून निघतो: ‘पंखा लावता का जरा?’ हा प्रश्न नसतो आणि त्याला ‘हो’ म्हणून बसून राहणारा एक तर विनोद करतो किंवा रागावलेला असतो. हा भाग वाचायला सोपा आणि सिद्ध करायला अवघड आहे. तो शेवटी घ्या.

आता प्रत्यक्ष काम कसं करायचं. सगळ्यांत मोठी गडबड माहिती गोळा करताना होते. कागदावर शब्द लिहून ‘हा वाचा’ म्हटलं की माणूस अक्षरं वाचतो, बोलत नाही. चित्र दाखवा किंवा वस्तू पुढे ठेवा. सुट्या शब्दांची यादी म्हणवली तर प्रत्येक शब्दाला यादीचा हेल येतो, म्हणून एक चौकट ठरवा, ‘मी आता … म्हणालो’, आणि शब्द त्यात बसवा. प्रत्येक शब्द तीन ते पाच वेळा, पण क्रम उलटसुलट करून आणि मध्ये काही असंबद्ध शब्द पेरून, नाहीतर बोलणाऱ्याला तुम्ही काय शोधताय ते कळतं आणि तो जपून बोलू लागतो. ‘असं म्हणतात ना?’ कधीच विचारू नका. आपल्याकडे पाहुण्याला ‘हो’ म्हणायची पद्धत आहे. त्याऐवजी दोन वाक्यं देऊन ‘तुम्ही यातलं कुठलं म्हणाल?’ विचारा. उत्तरं तीन खणांत टाका: मी म्हणतो, मी म्हणत नाही पण दुसरे म्हणतात, कुणीच म्हणत नाही. तिसऱ्या खणातल्या वाक्यापुढे भाषावैज्ञानिक तारा (*) काढतात, आणि तो तारा बरोबर वाक्यांइतकाच मोलाचा असतो. ‘अर्थ विचित्र आहे’ आणि ‘रचना चुकली आहे’ या दोन तक्रारी वेगळ्या ठेवा. ‘टेबल हसलं’ विचित्र आहे, ‘टेबल हसली’ चुकलेलं.

आवाज मोबाईलवर ध्वनिमुद्रित केला तरी चालेल, पण फाईल वेव्ह प्रकारात ठेवा, 44,100 हर्ट्‌झ, 16 बिट. तोंडापासून वीतभर अंतर, जरासं बाजूला, म्हणजे फ-भ चा झोत थेट आदळत नाही. पंखा बंद. संदेशातून मागवलेले आवाज दाबून पाठवलेले असतात. त्यांत उंच कंप्रतेचा (फ्रिक्वेन्सीचा) भाग उडू शकतो, आणि दंत्य-तालव्य च मधला फरक नेमका तिथे असतो. ऐकायला आणि पाहायला ‘प्रात’ ही मोफत संगणकप्रणाली घ्या, अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी बनवलेली. तिच्यात च आणि च़ शेजारी ठेवले की दंत्याचा घर्षणाचा पट्टा वर सरकलेला दिसतो. फ आणि प मध्ये स्वर सुरू होण्याआधीचं अंतर मोजता येतं.

मराठीतूनच शिकता येईल का, हा तुमचा शेवटचा उपप्रश्न. पाया नक्कीच शिकता येईल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचा जुना विभाग आहे, आणि मराठीच्या बोलींवर तिथे काम झालेलं आहे. पुढचं बरंचसं लेखन इंग्रजीत आहे. ते वाचायच्या आधी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतली मराठीला लागणारी चिन्हं शिकून घ्या, सगळा तक्ता नको. आधी च-च़, ज-ज़ आणि झ च्या जोडीची चिन्हं घ्या, कारण देवनागरी तिथेच कमी पडते. मग तुमच्या घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाकडून ‘चमचा, चमचे, चमच्याने’ ही तीन रूपं त्या चौकटीत बसवून म्हणवून घ्या आणि ऐकलं तसंच लिहा. तुमच्या उच्चाराशी जुळलं नाही तर ते दुरुस्त करू नका, शेजारी गावाचं नाव लिहा.